कुंकळ्ळीची देवी, फातर्प्याचे देऊळ

शिगम्याच्या दिवसांत कुंकळ्ळीचा रस्ता गुलालाने लाल होतो. फातर्प्याहून देवीची पालखी निघते. ढोलाच्या तालावर माणसे मोठमोठ्या रंगीत छत्र्या तोलत, नाचवत पुढे सरकतात, आणि शांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण आपल्या मूळ गावी येते. छत्र्या बारा असतात, कारण गावचे वांगड बारा. वांगड म्हणजे गाव वसवणाऱ्या मूळ घराण्यांचे गट. या बारा वांगडांतली कित्येक घरे आज ख्रिस्ती आहेत, तरी छत्र्यांची संख्या कमी झालेली नाही. गावात भेटीगाठी झाल्या की देवी परत फातर्प्याला जाते, कारण तिचे देऊळ तिथे आहे. कुंकळ्ळीतले तिचे देऊळ सोळाव्या शतकात पाडले गेले.

गोव्यात अशी स्थलांतरित दैवते पुष्कळ आहेत. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला गेला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, लोटलीचा रामनाथ बांदिवड्याला. त्यांची देवळे आज देशभरच्या भाविकांना ठाऊक आहेत. कुंकळ्ळीकरणीची कथा त्यांच्याच रांगेतली असली, तरी दोन बाबतींत निराळी आहे. इथे देवळावर घाव पडल्यावर गावाने शस्त्र उचलले आणि त्याची किंमत मोजली. आणि देवी गेली ती कायमची गेली नाही. ती ज्या गावाची होती त्या गावाचीच राहिली, आणि त्या गावाकडे येत राहिली.

पोर्तुगीज सेनानी अफोंसु द आल्बुकेर्क याने १५१० मध्ये तिसवाडी जिंकली. सासष्टी आणि बारदेश हे दोन महाल पोर्तुगिजांच्या हाती कायमचे आले ते १५४३ मध्ये, आदिलशाहीकडून. आरंभी नव्या सत्तेला हवा होता महसूल, आणि गोव्यातल्या गावांचा महसूल कसा गोळा होतो हे तिला नीट कळले होते. गावची जमीन कुणा एकाची नसे, ती गावकरीची, म्हणजे मूळ घराण्यांतल्या गावकारांच्या सामायिक संस्थेची असे. गावकार ती लिलावाने कसायला देत, त्यातून सरकारचा सारा भरत, बांधांची आणि मानशींची, म्हणजे पाण्याच्या दारांची, डागडुजी करत, देवळाचा आणि देवळाच्या सेवेकऱ्यांचा खर्च चालवत आणि उरलेले आपसांत वाटून घेत. मानापानाचा, बोलण्या-बसण्याचा क्रम वांगडांप्रमाणे ठरलेला असे. ही व्यवस्था पोर्तुगिजांनी १५२६ च्या ‘फोराल’मध्ये, म्हणजे रूढी-रिवाजांच्या सनदेत, तिसवाडीपुरती लिहून घेतली आणि मान्य केली. पुढच्या साऱ्या कथेत हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. गावकरी आणि देऊळ या दोन वेगळ्या संस्था नव्हत्या. ज्या वहीत साऱ्याचा हिशेब तिथेच दिव्याच्या तेलाचाही हिशेब.

धोरण पालटले ते या वहीतली एक बाजू कापून काढण्यासाठी. १५४० च्या सुमारास तिसवाडीतली देवळे पाडली गेली. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशनचे न्यायासन बसले. धर्मप्रसारासाठी बारदेश फ्रान्सिस्कन संन्याशांकडे आणि सासष्टी जेझुइटांकडे सोपवली गेली. १५६७ मध्ये राशोलच्या किल्ल्याचा कप्तान दियोगु रोद्रिगीश याने सासष्टीतली देवळे पाडण्याची मोहीम काढली. तेव्हाच्या लेखनात पाडलेल्या देवळांचा आकडा २८० असा येतो. याच सुमारास सासष्टीतल्या देवस्थानांच्या जमिनींची गाववार नोंद झाली. ती केली गेली त्या जमिनी चर्चकडे वळवण्यासाठी. आज सासष्टीतल्या कोणत्या गावात कोणते देव होते हे शोधायला बसलेल्या अभ्यासकाला हेच जप्तीचे दप्तर उघडावे लागते. अ. का. प्रियोळकर आणि पांडुरंग पिसुर्लेकर या इतिहाससंशोधकांनी आयुष्यभर हे कागद चाळले नसते तर आपल्याला यातले फारच थोडे कळले असते.

सासष्टीच्या दक्षिण टोकाची पाच गावे मात्र वाकायला तयार नव्हती. असोळणे, वेळ्ळी, आंबेली, वेरोडे आणि कुंकळ्ळी. साळ नदीच्या खोऱ्यातली ही भातशेतीची संपन्न गावे. त्यांत कुंकळ्ळी बाजारपेठेचे गाव होते, कारागिरांचे होते, आणि घाटावरून येणारा माल तिथून जात असे. या गावांनी सारा नाकारला, पाद्रींना थारा दिला नाही, आणि मोहिमेत पाडलेली देवळे पुन्हा उभी केली. देऊळ पाडायचे, गावाने ते उभारायचे, पुन्हा फौज यायची, असे काही वर्षे चालले. दंड म्हणून चाल करून गेलेल्या या फौजांबरोबर जेझुइट पाद्रीही असत.

त्यांत पिएत्रो बेर्नो नावाचा एक पाद्री होता, आल्प्सच्या पायथ्याच्या आस्कोना गावचा. त्याच्या चरित्रात जेझुइटांनीच नोंदले आहे की त्याने कुंकळ्ळीवरच्या चढायांत देवळे पाडायला हात लावला, गावकऱ्यांना अतिशय पवित्र असलेले एक वारूळ उद्ध्वस्त केले आणि एक गाय मारली. देवळांच्या पाडापाडीच्या शेकडो उल्लेखांत हे वारूळ सहज नजरेआड होते. पण ज्याला गोव्यातली देवी ठाऊक आहे तो इथे थबकल्याशिवाय राहणार नाही.

गोव्याची सर्वांत जुनी देवी वारुळाच्या रूपात आहे. तिला सातेरी म्हणतात, वारुळाला रोयण म्हणतात. आजही कित्येक गावांत गाभाऱ्यात मूर्तीच्या जोडीला वारूळ असते, कुठे कुठे नुसते वारूळच असते, वरती मुखवटा आणि साडी-चोळी. जमिनीतून आपोआप वर येणारी, वाढणारी माती हेच तिचे रूप. शेतकऱ्याला याहून जवळची देवता कोणती? पुढे पुराणांची छाया पडली तेव्हा अनेक गावांच्या सातेरी शांतादुर्गा झाल्या. विष्णू आणि शिव यांच्या युद्धात मध्ये उभी राहून दोघांना शांत करणारी ती शांतादुर्गा, अशी तिची कथा गोव्यात घरोघर सांगतात. नाव बदलले, पूजाविधीत मंत्र आले, तरी गावाशी असलेले तिचे नाते जुनेच राहिले. ती गावच्या सीमेतली माती आहे. म्हणून बेर्नोने फोडलेले वारूळ म्हणजे देवळाच्या आवारातली एखादी दुय्यम वस्तू नव्हे. माझ्या समजुतीप्रमाणे त्या दिवशी कुंकळ्ळीकरांच्या लेखी गावाचे मूळच उखडले गेले. त्यानंतर जे घडले ते समजायला कराची थकबाकी पुरेशी नाही.

१५८३ च्या मे महिन्यात रुदोल्फ आक्वाविवा गोव्याला परतला. हा इटलीतल्या एका ड्यूकचा मुलगा, जेझुइट संघाचा प्रमुख क्लाउदिओ आक्वाविवा याचा पुतण्या. १५८० पासून तो फत्तेपूर सिक्रीला अकबराच्या दरबारात होता. बादशहाने त्याला सन्मानाने वागवले, त्याच्याशी धर्मचर्चा केली, पण धर्मांतर काही केले नाही. बत्तीस वर्षांच्या या शांत, कृश, प्रार्थनेत रमणाऱ्या माणसावर परत येताच सासष्टीच्या मिशनची जबाबदारी पडली. त्याला सासष्टीचा अनुभव नव्हता. त्याच्या सोबत्यांना होता, आणि कुंकळ्ळीकरांना त्या सोबत्यांचा.

१५ जुलै १५८३ रोजी आक्वाविवा, आल्फोन्सो पाशेकू, बेर्नो, आंतोनियो फ्रान्सिस्कु आणि चर्चची बांधकामे करणारा ब्रदर फ्रान्सिस्कु आरान्य हे पाच जेझुइट ओर्लीहून कुंकळ्ळीला आले. बरोबर काही पोर्तुगीज गृहस्थ आणि बाटलेली स्थानिक माणसे होती. त्यांना गावात क्रूस उभारायचा होता आणि चर्चसाठी जागा ठरवायची होती. भर पावसाळ्याचे दिवस. पाद्रींनी एका जागी डेरा टाकला आणि गावच्या प्रमुखांची वाट पाहत राहिले. प्रमुख एकत्र जमून विचार करत होते. मग हत्यारे घेतलेला जमाव आला. जेझुइटांच्या वृत्तान्ताप्रमाणे गोंसालु रोद्रिगीश या पोर्तुगीज गृहस्थाने बंदूक उचलली तेव्हा पाशेकूने त्याला अडवले, आपण इथे लढायला आलेलो नाही असे सांगितले. आक्वाविवाने पळण्याचा प्रयत्न केला नाही. तो आणि त्याचे चारही सोबती मारले गेले. रोद्रिगीश आणि बरोबर आलेले काही स्थानिक ख्रिस्तीही मारले गेले, त्यांत दोन लहान वयाची मुले होती. मृतदेह विहिरीत टाकले गेले.

त्या मुलांच्या मृत्यूचे समर्थन कोणत्याही भक्तीच्या नावाने होऊ शकत नाही, आणि मी ते करणार नाही. आक्वाविवाबद्दलही मला आदर वाटतो. ज्या देवळावर त्याने स्वतः हात टाकला नव्हता त्याची शिक्षा त्याला मिळाली. पण त्याच्या शेजारी बेर्नो उभा होता, पाशेकू उभा होता, आणि गावाने त्यांना आधी फौजेबरोबर पाहिले होते. क्रूस रोवायला आलेली माणसे कुंकळ्ळीला पाहुणी वाटली नाहीत, पुढच्या चढाईची आघाडी वाटली.

सूड लवकरच उगवला गेला. पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी गावच्या प्रमुखांना बोलणी करण्यासाठी असोळण्याच्या किल्ल्यात बोलावले. कुंकळ्ळीत सांगतात त्याप्रमाणे सोळा जण गेले. किल्ल्याचे दरवाजे लागले आणि त्यांतले पंधरा जण ठार झाले. एक जण नदीत उडी टाकून निसटला आणि कारवारकडे गेला. दिलेला शब्द मोडून केलेला हा वध होता. गावांच्या जमिनी जप्त झाल्या आणि इनाम म्हणून परक्यांच्या हाती गेल्या. जे गावकार शतकानुशतके आपल्या शेताचे धनी होते ते त्याच शेतात कुळे झाले.

देवी याच धामधुमीच्या काळात फातर्प्याला गेली. अंतर फार नाही, कुंकळ्ळीहून सकाळी निघालेला माणूस उन्हे चढायच्या आत पोचतो. पण मध्ये राज्याची सीमा होती. फातर्पे बाळ्ळीच्या मुलुखात, पोर्तुगीज हद्दीबाहेर. उत्तरेकडच्या देवांनी अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंड्यात आश्रय घेतला, तो जसा आदिलशाही अमलात होता म्हणून, तसेच हे. देवाला वाचवायचे तर एक नदी ओलांडायची, एक टेकडी ओलांडायची, एवढेच त्या माणसांच्या हातात होते. रात्रीच्या वेळी गुपचूप मूर्ती नेल्याच्या कथा गोव्यातल्या जवळपास प्रत्येक स्थलांतरित देवस्थानात ऐकू येतात. ज्या फातर्प्याने तिला जागा दिली त्या गावाची स्वतःचीही शांतादुर्गा आहे, फातर्पेकरीण. आज तिथे दोन्ही शांतादुर्गांची देवळे आहेत. पाहुणी देवी चारशे वर्षे राहिली, यजमान देवीने कधी कुरकुर केली नाही, असे म्हणताना तिथली म्हातारी माणसे हसतात.

यानंतरच्या काळात सीमा हलवण्याचे प्रयत्न झाले. १६८३ च्या अखेरीस छत्रपती संभाजी महाराजांच्या फौजा सासष्टीत उतरल्या. १७३९ च्या आरंभी व्यंकटराव घोरपड्यांनी मडगाव घेतले. दोन्ही वेळा मराठे परत फिरले आणि सासष्टी पोर्तुगिजांकडेच राहिली. उलट १७६३-६४ मध्ये, हैदरअलीने सोंद्याचे राज्य गिळल्यावर, सोंदेकर राजा पोर्तुगिजांच्या आश्रयाला आला आणि फोंड्यापासून काणकोणपर्यंतचा मुलूख त्यांच्या ताब्यात गेला. फातर्पेही गेले. म्हणजे देवी जिच्यापासून दूर गेली होती ती सत्ता पावणेदोनशे वर्षांनी तिच्या दारात आली. पण तोवर लिस्बनचे वारे बदलले होते. १७५९ मध्ये जेझुइटांनाच पोर्तुगीज राज्यातून हाकलले गेले होते, आणि नव्या मुलुखातल्या देवळांना, रूढींना हात लावणार नाही असे वचन देऊन हा प्रदेश घेतला गेला. फातर्प्याचे देऊळ उभे राहिले. पुढे १८८६ मध्ये सरकारने देवस्थानांच्या महाजनांसाठी, म्हणजे ती चालवणाऱ्या घराण्यांसाठी कायदा केला, १९३३ मध्ये तो नव्याने आला, आणि जी संस्था उखडण्यासाठी एकेकाळी फौजा निघाल्या होत्या तिचे हिशेब सरकारदरबारी तपासले जाऊ लागले.

या सगळ्यात कुंकळ्ळीचे वांगड टिकले कसे, हा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो. इतर गावांत त्याचे उत्तर सोपे आहे. तिथे गावकरीची जमीन राहिली, पोर्तुगिजांनी ‘कोमुनिदाद’ या नावाने ती चालू ठेवली, आणि जमिनीतल्या वाट्यासाठी का होईना घराण्यांची नोंद राहिली. कुंकळ्ळीत तर जमीनच गेली होती. बहुतेक गाव पुढे ख्रिस्ती झाले. एकाच वांगडातले काही भाऊ चर्चमध्ये जाऊ लागले, काही फातर्प्याला. तरीही आपण अमुक वांगडाचे, आपला मान अमुक क्रमांकाचा, हे कुणी विसरले नाही. याचे कारण, माझ्या मते, असे की शेत हातचे गेल्यावर घराण्याचा मान दाखवायला दोनच जागा उरल्या. एक फातर्प्याच्या देवीपुढची, दुसरी कुंकळ्ळीतल्या साउदे सायबिणीच्या फेस्ताची. आरोग्यदायिनी मेरीमातेच्या त्या चर्चमध्येही गावकार घराण्यांचा मान जपला गेला, आणि त्यावरून पुढे वादही झाले, कारण वांगडाबाहेरच्या ख्रिस्ती माणसांना त्यात वाटा नव्हता. ही उणीव झाकण्यात अर्थ नाही. ज्या व्यवस्थेने देवीला जपले त्याच व्यवस्थेने कष्टकऱ्यांना देवळात आणि चर्चमध्ये मागे उभे केले.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. देवळाच्या भिंतींत भक्ती राहत असती तर ती सोळाव्या शतकातच संपली असती. ती राहिली हक्कांत आणि कर्तव्यांत. पालखीला खांदा कुणी द्यायचा, छत्री कुणी धरायची, कौल कुणी मागायचा. गोव्याच्या देवळांत मूर्तीच्या अंगावर फुलांच्या पाकळ्या लावतात आणि कोणती पाकळी आधी पडते त्यावरून देवीचे म्हणणे जाणतात. लग्न, जमीन, आजार, परदेशी जाणे, सगळ्यांसाठी हा प्रसाद घेतला जातो. कुंकळ्ळीकरणीकडे तो मागायला ख्रिस्ती घरांतली माणसेही येतात, ओटी भरतात, नवस फेडतात, पौषातल्या जत्रेत तर गर्दीत कोण कुठला हे ओळखू येत नाही. फातर्प्याची देवी त्यांना सायबीण आहे, आणि हा शब्द ते मेरीमातेसाठीही वापरतात. रॉबर्ट न्यूमन या अमेरिकन मानवशास्त्रज्ञाने गोव्याच्या समाजावर लिहिलेल्या निबंधसंग्रहाच्या नावातच छत्र्या आणि देवी आहेत. परक्या अभ्यासकाला जे इतके महत्त्वाचे वाटले ते आपल्या मराठी वाचकांपर्यंत फारसे पोचलेले नाही. गोव्याच्या धर्मांतराचा इतिहास आपण बहुधा छळाचा म्हणून वाचतो, आणि तो छळाचा होताच. मात्र छळानंतरची चारशे वर्षे माणसे एकमेकांच्या शेजारी कशी जगली, हाही त्याच इतिहासाचा भाग आहे. छत्रोत्सवाच्या वाटेवर गुलाल घेऊन उभी राहिलेली ख्रिस्ती कुटुंबे त्याची साक्ष आहेत.

मेलेल्यांच्या स्मृतीचे मात्र समान वाटप झाले नाही. पाच जेझुइटांचे देह विहिरीतून काढून राशोलला पुरले गेले, १५९७ मध्ये गोवा शहरातल्या सेंट पॉल विद्यालयात हलवले गेले, आणि १८६२ पासून त्यांच्या अस्थी जुन्या गोव्याच्या से कॅथेड्रलमध्ये आहेत. त्या विहिरीचे पाणी आजार बरे करते अशी श्रद्धा जडली आणि माणसे ते न्यायला येऊ लागली. अलेसांद्रो वालिन्यानो या जेझुइटाने हत्येच्याच वर्षी रोमला सविस्तर वृत्तान्त पाठवला. अकबराला ही बातमी कळली तेव्हा त्याला अतीव दुःख झाले असेही जेझुइट लिहितात. १८९३ मध्ये पोप तेराव्या लिओने पाचही जणांना धन्य घोषित केले. असोळण्याच्या किल्ल्यात पडलेल्या गावप्रमुखांसाठी असे काहीच झाले नाही. कुणी पत्र लिहिले नाही, कुणी देह मागितले नाहीत. जे लिहिणारे होते त्यांच्या लेखी ते खुनी होते, आणि ज्यांच्या लेखी ते वीर होते त्यांच्या हाती लेखणी नव्हती. त्यांची आठवण वांगडांनी सांभाळली, देवीच्या छत्र्यांबरोबर.

कुंकळ्ळीत त्या प्रमुखांचे स्मारक उभे राहिले ते २००३ मध्ये, घटनेला चारशे वीस वर्षे झाल्यावर. दर १५ जुलैला तिथे फुले वाहिली जातात. मडगावहून कारवारच्या वाटेवर गाव लागते. गोव्याला जाणाऱ्या मराठी माणसाने मंगेशी आणि कवळ्याच्या शांतादुर्गेच्या दर्शनाला एक दिवस ठेवलेला असतोच. त्याने दक्षिणेची एक सकाळही राखून ठेवावी, आधी या स्मारकाशी थांबावे आणि मग फातर्प्याला जाऊन कुंकळ्ळीकरणीची ओटी भरावी.